सॅम्पलच्या स्ट्रिंग्स जलद ओळीत का अडखळतात

संथ सुरावटीत आजच्या ऑर्केस्ट्रा लायब्ररी, म्हणजे वाद्यांचे आधी रेकॉर्ड केलेले स्वर (सॅम्पल) कॉम्प्युटरवर वाजवू देणारे संच, भल्याभल्यांना चकवतात. लांब ओढलेला स्वर, हळूहळू चढत जाणारा आवाज, मागे हॉलची आस. हे सगळं कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर घडवलंय, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच लायब्ररीला व्हायोलिनची एक धावती ओळ वाजवायला द्या, पहिल्या दोन मात्रांत बिंग फुटतं. कधी स्वरांचा लगदा होतो, कधी प्रत्येक स्वर सुटा सुटा टोचतो, तर कधी अख्खी ओळ तालाच्या मागे रेंगाळते. मग माणूस पैसे साठवून आणखी महागडी लायब्ररी घेतो आणि तिच्यातही तेच होतं. कारण दोष लायब्ररीच्या दर्जात क्वचितच असतो. सॅम्पल मुळात ज्या पद्धतीने तयार होतं, त्या पद्धतीतच तो आहे. ती पद्धत नीट समजून घेतली तर निम्मे उपाय आपले आपल्यालाच सुचतात.

लायब्ररी रेकॉर्ड होते ती अशी. व्हायोलिनवादकांचा एक गट हॉलमध्ये बसतो. एक स्वर वाजवतो आणि तो हवेत पूर्ण विरेपर्यंत सगळे गप्प बसतात. मग तोच स्वर जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. मग तोच आखूड, तोच लांब, तोच गज उसळवून. हे झालं की अर्धा स्वर वर सरकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे हजारो तुकडे जमले की सॅम्पलर, म्हणजे ते वाजवणारं सॉफ्टवेअर, ते कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडतो. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा कॉम्प्युटरला मुख्यतः दोन आकडे मिळतात: कुठला स्वर, आणि किती जोरात, म्हणजे १ ते १२७ मधली व्हेलॉसिटी. वाद्य आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडीची ही भाषा आजही बहुतेक ठिकाणी तीच आहे. त्या आकड्यांवरून सॅम्पलर योग्य तो तुकडा शोधून वाजवतो.

म्हणजे लायब्ररीतला जवळजवळ प्रत्येक स्वर हा एकटा वाजवलेला स्वर आहे. त्याच्या आधी शांतता होती, त्याच्यानंतरही शांतता होती. वादकाला सुरुवात करायला आणि स्वर फुलवायला हवा तेवढा वेळ होता. धावत्या ओळीत नेमका हा वेळच मिळत नाही.

हिशोब करून बघा. १४० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत, एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची. मात्रेत चार स्वर बसवले तर एका स्वराच्या वाट्याला १०७ मिलिसेकंद येतात. आता तुमच्या लायब्ररीतला लांब स्वराचा पॅच, म्हणजे त्या प्रकारच्या सॅम्पल्सचा गट, उघडा आणि एकच पट्टी दाबून नीट ऐका. स्वर पूर्ण भरायला बहुतेक वेळा दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. संथ गाण्यात हीच सावकाश सुरुवात गोड लागते. धावत्या ओळीत मात्र स्वर अजून तोंड उघडतोय तोवर पुढचा आलेला असतो. आठ स्वर वाजतात, आठही अर्धवट.

हे दुखणं आजचं नाही. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन तयार झाला. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक पट्टी असायची आणि तिच्यावर व्हायोलिनचा एक स्वर साधारण आठ सेकंद रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप पळायची, सोडली की स्प्रिंगने मागे खेचली जायची. प्रत्येक स्वर शून्यापासून सुरू. आज टेपच्या जागी हार्ड डिस्क आली, आठ सेकंदांच्या जागी कितीही वेळ आला, एका स्वराच्या जागी पन्नास प्रकार आले. पण प्रत्येक स्वराने शून्यापासून सुरुवात करणं हे बऱ्याच पॅचमध्ये अजूनही तसंच आहे.

खरा वादक काय करतो ते एका छोट्या ओळीवर बघू. सा म्हणजे डी धरा, सगळे स्वर शुद्ध, पाश्चात्त्य भाषेत डी मेजर. दोन मात्रांत आठ स्वरांची जागा आहे. पहिली जागा रिकामी सोडायची, मग मधल्या सीच्या वरच्या दुसऱ्या डीपासून सा रे ग म प ध नी असे सात स्वर, आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर वरचा सा. ऑर्केस्ट्राच्या संगीतात ही चाल पदोपदी भेटते.

व्हायोलिनवादक हा पहिला सा ए तारेवर तिसऱ्या बोटाने घेतो. रेला ई तार मोकळीच वाजते. ग आणि म पहिल्या-दुसऱ्या बोटाने, मग पंजा वर सरकतो आणि प ध नी सा पुन्हा एक-दोन-तीन-चार. हे सातही स्वर बहुधा एकाच गजात जातात आणि वरच्या साला गज दिशा बदलतो. आता लक्षात घ्या, या सात स्वरांत गजाची नवी सुरुवात एकदाच झाली. बाकी स्वर फक्त बोटं पडल्यामुळे बदलले. एकदा तार बदलली, एकदा पंजा सरकला, आणि सगळा वेळ तार थरथरतच होती. शेवटच्या साला गज वळला म्हणून त्याला आपोआप वजन आलं. ते कुणी मुद्दाम दिलं नाही.

सॅम्पलर याच्या नेमकं उलट वागतो. सात स्वरांना सात सुरुवाती, आणि त्या सातही वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या श्वासात घेतलेल्या असू शकतात.

यातून पहिली वाट सुचते ती आखूड स्वरांची, म्हणजे स्पिकाटो (गज उसळवून) किंवा स्टकाटो (तुटक) पॅचची. त्यांची सुरुवात चटकन होते, त्यामुळे ओळ स्पष्ट ऐकू येते. पण आता प्रत्येक स्वरावर गज आपटतोय, आणि जोडून वाजवायची ओळ तुटक होते. लांब पॅच घेतला तर लगदा, आखूड घेतला तर टोचणी. यावर जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा तोडगा म्हणजे दोन्ही एकत्र वाजवणं. मुख्य आवाज लेगाटोचा (जोडून वाजवलेल्या स्वरांचा) किंवा लांब स्वरांचा ठेवायचा आणि त्याच्याखाली तीच ओळ स्पिकाटोने अगदी हळू वाजवायची. किती हळू? स्पिकाटो वेगळा ऐकू येऊ नये, पण म्यूट केला तर ओळ धूसर झाल्यासारखी वाटावी. बरेच जण तो दुप्पट मोठा ठेवतात, कारण एकटी ओळ सोलो करून ऐकताना तो छान वाटतो. सोलोवर ठरवू नका. बाकीचा ऑर्केस्ट्रा चालू ठेवूनच ठरवा.

लेगाटो पॅच म्हणजे ज्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रवास वेगळा रेकॉर्ड केलेला असतो. सा ते रे, सा ते ग, सा ते म, असं प्रत्येक अंतर, चढतं आणि उतरतं. ऐकायला फार सुंदर, पण हे प्रवाससुद्धा सावकाश रेकॉर्ड केलेले असतात. काही लायब्ररींत संथ लेगाटोचा प्रवास पूर्ण व्हायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. आपल्या ओळीत तेवढ्यात दोन स्वर होऊन जातात. म्हणून चांगल्या लायब्ररींत जलद लेगाटो वेगळा असतो आणि पुष्कळदा तो व्हेलॉसिटीवरून निवडला जातो: पट्टी हळू दाबली तर सावकाश प्रवास, जोरात दाबली तर झटपट. लायब्ररीचं मॅन्युअल वाचायचा कंटाळा करणाऱ्यांची इथेच फसगत होते. ते जलद ओळीत आवाज मऊ यावा म्हणून व्हेलॉसिटी कमी करतात आणि नकळत सर्वांत संथ प्रवास निवडून बसतात. अशा पॅचमध्ये आवाजाचा चढ-उतार मॉड व्हीलकडे, म्हणजे कीबोर्डच्या बाजूच्या चाकाकडे असतो, व्हेलॉसिटीकडे नसतो. आणखी एक गोष्ट: लेगाटो चालू होण्यासाठी आधीचा स्वर सुटण्यापूर्वी पुढचा दाबलेला असावा लागतो. एडिटरमध्ये स्वरांची टोकं एकमेकांवर थोडी चढली नसतील तर प्रत्येक स्वर पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि आपण लायब्ररीला दोष देत बसतो.

आता वजनाकडे येऊ. माझ्या मते प्रोग्रॅमिंगमधला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. द्रुत लयीतली सपाट तान आठवा. गवई तिच्यातला प्रत्येक स्वर सारख्या जोराने ठोकत नाही. तान उचलतो, मधले स्वर ओघात जातात आणि समेवर वजन पडतं. श्रोत्यालाही मधले स्वर एकेक करून ऐकू येत नाहीत. त्याला तानेचा आकार ऐकू येतो. व्हायोलिनच्या धावत्या ओळीचंही तसंच आहे. कान तीन गोष्टी पकडतो: ओळ कुठून निघाली, कुठल्या दिशेने गेली, कुठे पोचली. म्हणून आपल्या ओळीत पहिला सा ठळक, रे ते ध हलके, नी जरा वर आणि शेवटचा सा सर्वांत भरीव. स्पिकाटोच्या थरात हे व्हेलॉसिटीने करा. मधले स्वर ४५-५५ च्या आसपास आणि शेवटचा ९०-९५ पर्यंत, इतका फरक खुशाल ठेवा. लांब स्वरांच्या थरात मॉड व्हील ओळीसोबत सलग वर न्या, पायऱ्या नकोत. आणि ते माऊसने आखण्यापेक्षा हाताने वाजवत रेकॉर्ड करा. सलग वाजवलेल्या रेषेतला बारीक वाकडेपणा आखून येत नाही.

सगळी ओळ सर्वांत मोठ्या आवाजाच्या थरात वाजवणं ही तर हमखास चूक. त्या थरात वादकांनी गज तारेवर दाबून जोरकस सुरुवात केलेली असते. एवढ्या जोराने सहसा कुणी सेकंदाला नऊ स्वर वाजवत नाही. वेग वाढला की खरा वादक गजाचा लहान भाग वापरतो आणि दाब कमी करतो. वेग आणि जोर दोन्ही कमाल हवे असतील तर व्हायोलिन्सच्या सोबत इतर वाद्यं लागतात, त्यावर पुढे येतोच.

वेळेच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. क्वांटाइझ केलेली, म्हणजे प्रत्येक स्वर तालाच्या ग्रिडवर नेमका बसवलेली ओळ यांत्रिक वाटते, हे खरं. म्हणून लोक ह्युमनाइझचं बटण दाबतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर मनाला येईल तसा पाच-दहा मिलिसेकंद पुढेमागे करतं. याने ओळ खरी वाटत नाही, नवशिक्याने वाजवल्यासारखी वाटते. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन्स चौदा-सोळा असतात आणि ती कधीच तंतोतंत एकत्र नसतात. पण त्यांच्यातला फरक स्वरागणिक बदलत नाही. जो वादक सा किंचित आधी घेतो तो रे, ग, मसुद्धा किंचित आधीच घेतो. शिवाय हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर मागे बसलेल्याचा आवाज २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तोही पूर्ण ओळभर. तेव्हा फरक हवा तो स्वरास्वरांत नको, वादकागणिक किंवा गटागणिक हवा. ओळ दोनदा हाताने वाजवा. एकदा मोठ्या सेक्शनचा पॅच, एकदा लहान, चेंबर सेक्शनचा. दुसरी घेताना पहिलीवर डोळा ठेवून जुळवत बसू नका. वेग झेपत नसेल तर टेम्पो कमी करून वाजवा, मग वाढवा. वेळेतल्या चुकाही त्याच प्रमाणात आक्रसतात.

तोच पॅच दुसऱ्या ट्रॅकवर कॉपी करून वीस मिलिसेकंद सरकवणं मात्र टाळा. त्याच रेकॉर्डिंगची दोन रूपं एकमेकांवर बसली की फेजिंग होऊन आवाज पोकळ होतो. दुसरी लायब्ररी नसेल तर एक जुनी युक्ती आहे: दुसऱ्या ट्रॅकची नोंद दोन अर्धे स्वर खाली लिहायची आणि सॅम्पलरमध्ये सूर दोन अर्धे स्वर वर चढवायचा. स्वर तेच ऐकू येतात, पण त्यांच्यासाठी शेजारचं वेगळं रेकॉर्डिंग वापरलं जातं.

रेंगाळण्याचं काय? सुरुवातीला वेळ लागत असल्यामुळे ग्रिडवर अचूक बसवलेला स्वरही कानाला उशिरा येतो. यासाठी प्रत्येक ट्रॅकला उणे डीले द्यायची, म्हणजे तो थोडा आधी वाजवायची सोय जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. लेगाटोला किती आणि स्पिकाटोला किती, हे आकडे वेगळे असतात. म्हणून दोन्ही थर एकाच ट्रॅकवर कोंबू नका. मेट्रोनोम लावून फक्त शेवटचा सा ऐका. तो ठोक्यावर बरोबर पडला की आधीच्या स्वरांतली थोडी ओढाताण कान सहज माफ करतो. तोच चुकला तर बाकीचे सात अचूक असून उपयोग नाही.

पट्टी सोडल्यावर बहुतेक लायब्ररी हॉलमध्ये विरणाऱ्या आवाजाचं एक वेगळं सॅम्पल (रिलीज) वाजवतात. संथ सुरावटीत ते हवंच. जलद ओळीत मात्र दोन मात्रांत सात शेपट्या एकमेकांवर चढतात, आणि चिखल होतो तो त्यांचा. त्यासाठी रिलीजचा आवाज कमी करा किंवा लांबी छाटा. जवळच्या माइकचं प्रमाण वाढवा आणि वरून सगळ्या वाद्यांना एकच रिव्हर्ब (हॉलची कृत्रिम आस) लावा. लायब्ररी कुठे रेकॉर्ड झाली यावर बरंच अवलंबून असतं. लंडनच्या एअर स्टुडिओचा लिंडहर्स्ट हॉल मुळात चर्च होता, तिथल्या सॅम्पलमध्ये ती मोठी जागा भरलेली असते. व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीने आपल्या सुरुवातीच्या लायब्ररी मुद्दाम बांधलेल्या कोरड्या स्टेजवर घेतल्या. त्या पहिल्यांदा ऐकताना रुक्ष वाटतात, पण जलद ओळींना हा कोरडेपणाच सोयीचा पडतो.

एकच स्वर पटापट पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल तर प्रश्न वेगळा. तेच रेकॉर्डिंग परत परत वाजलं की कान ते लगेच ओळखतो. म्हणून लायब्ररी एकाच स्वराची अनेक रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवतात, याला राउंड रॉबिन म्हणतात. चार-पाच असतील तर काम भागतं. गज एकदा खाली एकदा वर जातो, तेव्हा एकाआड एक स्वर किंचित हलका ठेवा.

एवढं सगळं करूनही ओळ खोटी वाटत असेल तर बहुधा ती लिहितानाच खोटी लिहिली गेली आहे. पियानोच्या पट्ट्यांवर हात कसाही उड्या मारतो, व्हायोलिनच्या तारांवर नाही. बारा-चौदा स्वरांची मोठी उडी, मध्येच दोन तारा ओलांडणं, अर्धं मिनिट एकही श्वास न घेता सोळा वादकांनी धावत राहणं, असं लिहिलेलं सॅम्पल मुकाट्याने वाजवतं, पण श्रोत्याचा कान कुरकुरतो. त्याला कारण सांगता येत नाही, इतकंच.

यासाठी दोन सुरुवाती शेजारी ठेवून ऐकाव्यात. मोझार्टच्या ‘फिगारो’ या १७८६ च्या ऑपेराचा ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना, सुरू होतो तो अगदी दबक्या आवाजात, धावत्या स्वरांनी, स्ट्रिंग्स आणि बसून (खर्जातलं एक फुंकेचं वाद्य) एकत्र. बहुतेक ऑर्केस्ट्रा तो सेकंदाला नऊच्या आसपास स्वर पडतील अशा वेगाने वाजवतात आणि तरी स्वर स्वच्छ ऐकू येतात, कारण आवाज लहान आहे आणि ओळ स्वराशेजारच्या स्वरांतूनच बरीचशी फिरते. ग्लिंकाच्या ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ या १८४२ च्या ऑपेराचा ओव्हर्चर उलट: दणदणीत कॉर्ड आणि त्यांच्यामधून स्ट्रिंग्सचे सुसाट सप्तक. तिथे स्वर मोजायचेच नसतात, झेप ऐकायची असते. तुमची ओळ कुठल्या जातीची आहे ते आधी ठरवा. पहिल्या जातीला स्पिकाटोचा थर जास्त लागतो, दुसरीला लेगाटो आणि शेवटच्या स्वराचं वजन.

मुरलेले अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे, लांब ओळ एकाच गटाला देत नाहीत. चार मात्रा पहिली व्हायोलिन्स, पुढच्या चार दुसरी, आणि सांधा दिसू नये म्हणून पहिल्यांचा शेवटचा स्वर हाच दुसऱ्यांचा पहिला. वादकांना दम मिळतो. सॅम्पलमध्येही हीच विभागणी केली की शेपट्यांचा चिखल अर्ध्यावर येतो, कारण दोन वेगळे पॅच आळीपाळीने श्वास घेतात. चढत्या ओळीला बासरी आणि क्लॅरिनेटची जोड द्या. फुंकेच्या वाद्यांची सॅम्पल्स वेगात स्ट्रिंग्सपेक्षा लवकर स्पष्ट होतात आणि व्हायोलिन्सचे सांधे झाकतात. चेलो धावत असताना डबल बेसला तेच सगळे स्वर देऊ नका, मात्रेवरचे तेवढे द्या. खऱ्या ऑर्केस्ट्रातही बेसची ओळ अशी सोपी केलेली असते.

तयार रेकॉर्ड केलेल्या धावत्या ओळींच्या लायब्ररीही मिळतात. सेक्शनने खरोखर एका दमात वाजवलेला सप्तक, तो तुमच्या टेम्पोला ताणून बसवायचा. ओळ साधी, ठरलेल्या स्केलची असेल तर याला तोड नाही. सुरावट जरा वळली की मात्र त्या निरुपयोगी.

आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे एक खरा व्हायोलिनवादक. मुंबईच्या फिल्मी संगीतात अनेक दशकं व्हायोलिन्सचे ताफे समोर बसून, नोटेशन वाचून वाजवत होते. त्यांत गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर त्यांच्यासाठी लिहीत. आज तेवढा ताफा परवडत नाही, पण मुंबई, पुणे, गोवा इथे स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारा एक वादक दोन तासांसाठी बोलावणं अजूनही शक्य आहे. त्याला फक्त धावत्या ओळी द्या, लांब स्वर सॅम्पलकडेच राहू द्या. माइक अगदी जवळ न लावता दीड-दोन मीटरवर, थोडा वर. एक ओळ तीन-चार वेळा घ्या आणि प्रत्येक वेळी त्याला खुर्ची जरा सरकवायला सांगा. ही रेकॉर्डिंग सॅम्पलच्या थराखाली इतकी हळू मिसळा की सोलो व्हायोलिन आहे असं वाटू नये. सरकणारा पंजा, वळणारा गज आणि एका स्वरातून दुसऱ्यात शिरणारी तार हे सगळं त्या एका माणसाकडून येतं, आणि मागचे सोळा सॅम्पलवाले त्याच्या आडोशाने खरे वाटायला लागतात. नोटेशन पाठवताना गजाच्या खुणा त्यालाच घालू द्या, आणि त्याने घातलेल्या खुणा बघून मग तुमच्या लेगाटोच्या थरात सुरुवाती कुठे हव्यात आणि कुठे नकोत ते दुरुस्त करा.